पट्टी बारावरच राहिली

माझ्या कॅमेऱ्याला खायला काय घालायचं, हा आमच्या घरातला कायमचा वाद आहे. नवरा म्हणतो, त्यापेक्षा कुत्रा पाळायचा होतास, निदान दारात आलेल्यावर भुंकला तरी असता. कॅमेरा जुना आहे, डब्यासारखा, समोर एकावर एक अशी दोन भिंगं. डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा आणि वरच्या काचेत मान खाली घालून बघायचं. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात, जुन्या नळांच्या आणि कड्याकुलपांच्या ढिगात तो मला दिसला आणि मी भाळले. त्या दिवसापासून डोक्याला ताप सुरू आहे.

ताप असा, की याला साधा रोल चालत नाही. आपल्या सगळ्यांच्या घरी पूर्वी जो छोट्या डबीतला रोल असायचा, पस्तीस एमएमचा, तो याच्या पोटात नुसता खुळखुळतो. याला लागतो रुंद रोल, वन-ट्वेंटी. त्याच्या फिल्मच्या पाठीला सबंध लांबीचा कागद असतो आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. त्याचा एक भाऊ होता, टू-ट्वेंटी, तेवढाच रुंद पण पाठीला कागद नसलेला. कागदाची जागा वाचते म्हणून त्यावर चोवीस फोटो मावायचे. तो आता शोधून सापडत नाही, पण कॅमेऱ्याने त्याची आठवण जपून ठेवली आहे. मागचं दार उघडलं की आत एक काळी पट्टी दिसते. ती एकीकडे सरकवली की कॅमेरा बारा फोटोंच्या हिशेबाने फिल्म ओढतो, म्हणजे कागद आहे असं धरून. दुसरीकडे सरकवली की चोवीसच्या, म्हणजे कागद नाही असं धरून. एवढी साधी गोष्ट, पण ती कळेपर्यंत माझे किती रोल कचऱ्यात गेले ते विचारू नका.

बरं, हा वन-ट्वेंटी तरी नाशकात मिळावा? मेन रोडवरच्या एका फोटोच्या दुकानात मी विचारलं, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "एकशे वीस कॉप्या? पासपोर्ट साइज का मॅडम?" रोल मुंबईहून कुरियरने मागवायचा आणि वाट बघत बसायचं. म्हणून मी तिसरा मार्ग धरला होता. प्लास्टिकच्या दोन टोप्या मिळतात. त्या पस्तीस एमएमच्या डबीला दोन्ही टोकांना लावल्या की ती डबी रुंद रोलच्या जागी कशीबशी बसते. मग फोटो चौकोनी न येता लांबलचक पट्टी येते, कडेच्या भोकांसकट. हा सगळा जुगाड आहे आणि जुगाडाचे जेवढे म्हणून त्रास असतात तेवढे सगळे त्यात आहेत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की यंदाच्या मे महिन्यात आईने माझ्याकडे एक फोटो मागितला.

आई तीन बहिणींमधली मधली. माहेर नांदगावकडचं. मोठी मावशी लासलगावला दिली, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. आई आणि धाकटी मावशी नाशकात आल्या. आता धाकटीचा मुलगा तिला कॅनडाला घेऊन जाणार होता, कायमची. फ्लॅट विकून झाला होता, भांडी वाटून झाली होती. धाकटी मावशी पंच्याहत्तरीला टेकलेली आणि गुडघ्यांनी गांजलेली. पुन्हा येणं होईल असं कुणीच म्हणत नव्हतं आणि होणार नाही असंही कुणी म्हणत नव्हतं. त्या दिवसांत आई एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "आमचा तिघींचा एक फोटो काढून दे. कागदावरचा. आणि तिघींचाच हं, मध्ये चौथं कुणी नको."

मला वाटलं, यात काय अवघड आहे? मग ती अल्बम घेऊन आली आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं, की या तिघींचा एकत्र असा एकही फोटो नाही. म्हणजे तिघी आहेत, पण दर वेळी चौथं कुणीतरी आहे. माझ्या लग्नात शेजारच्या काकू आहेत. मामाच्या वास्तुशांतीला पोळ्या लाटायला आलेली बाई हातात लाटणं घेऊन उभी आहे. एका फोटोत एक टकले गृहस्थ आहेत, ते वराकडचे की वधूकडचे हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही. ही सगळी मोठ्या मावशीची करणी. तीन माणसांचा फोटो काढायचा नसतो, असं तिचं म्हणणं. असं बऱ्याच घरांत म्हणतात, पण लोक हसून सोडून देतात. मावशी सोडत नाही. कॅमेरा दिसला की ती आधी माणसं मोजते आणि तीन भरली तर हात धरून चौथं ओढून आणते.

ठरल्या रविवारी मोठी मावशी लासलगावहून सकाळीच आली. बरोबर कांद्याची गोणी होतीच. आईच्या घरी अजून मागच्या गोणीतले कांदे संपलेले नव्हते, पण त्याबद्दल बोलायची सोय नसते. धाकटी आली. माझा वन-ट्वेंटीचा रोल मात्र आला नव्हता. कुरियरवाल्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, द्वारकेला अडकलोय, निघालोच." तासाभराने पुन्हा केला, तरी तो नाशकातल्या त्याच द्वारका चौकात. तिसऱ्यांदा केला तर फोन बंद. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाचा मला कधी राग येत नाही, पण त्या दिवशी आला.

फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे पस्तीस एमएमचा एक ब्लॅक अँड व्हाइट रोल होता. म्हटलं, बरंच झालं. तीन बायका रांगेत बसणार, लांबट फोटो शोभून दिसेल. टोप्या काढल्या, डबीला लावल्या आणि आईच्या गच्चीत सावलीत बसून रोल भरायला घेतला. नेमकी तेव्हाच मोठी मावशी जिना चढून वर आली आणि तिने मोजणी केली.

"चौथं कोण हाय?"

"कुणी नाही, आक्का," आई म्हणाली. "तिघींचाच काढायचाय."

"मग नाय काढायचा."

"अगं, ही जाणार आता."

"जाऊ दे की. चांगली जाऊ दे. कशापायी तिच्या जिवाला घोर?"

धाकटी मावशी म्हणाली, "आक्का, हातात सुपारी घेऊन बसू या का? आपण तिघी कुठं निघालो की तू नाही का पिशवीत सुपारी टाकत, चौथी म्हणून?"

"सुपारी गावाला जाताना चालती. फोटोत माणूस दिसाय पायजे."

मी रोल भरता भरता मध्ये पडले. मावशी, आजकाल मोबाइलवर लोक दिवसाला शंभर फोटो काढतात, तीन-तीन जणांचे काढतात, सगळे धडधाकट आहेत, असं काहीतरी बोलले. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी वाक्य अर्धंच सोडलं. नवरा खुर्च्या आणायला वर आला होता. त्याला मावशीने तिथल्या तिथे चौथा नेमला. आई म्हणाली, जावई नको. मावशी म्हणाली, मग शेजारीण बोलाव. आई रडकुंडीला आली. मी कॅमेऱ्याचं दार लावलं, खटका ओढला आणि म्हटलं, "तुम्ही आधी काय ते ठरवा, तोवर मी रोल पुढे घेते." या सगळ्या गोंधळात मी ती आतली पट्टी बघितलीच नाही. रोलला कागद नव्हता, म्हणजे पट्टी चोवीसवर हवी होती. ती बारावर होती.

शेवटी तोड मोठ्या मावशीनेच काढली. एकीचा एक, दोघींचा एक, असे अदलून बदलून काढायचे. एकटीचा चालतो, दोघींचा चालतो. आई पदराने बाकडं पुसत राहिली. मला तेव्हा मावशीचा इतका राग आला होता की तिच्याशी बोलताना मी दातओठ खात होते. ऐंशी वर्षांच्या बाईने सख्ख्या बहिणीची एवढीशी हौस मोडावी, तीही असल्या खुळचट समजुतीपायी, हे मला सहन होत नव्हतं.

त्यात कॅमेऱ्याची तऱ्हा निराळीच. यात फिल्म खालून वर सरकते. म्हणजे लांब पट्टी आडवी हवी असेल तर अख्खा कॅमेरा कुशीवर पाडावा लागतो. स्टँडवर तो आडवा बांधला. आता वरची काच बाजूला आली, म्हणून मीही बाजूला उभी राहून मान वाकडी करून बघणार, आणि काचेत सगळं उलटं दिसणार. बहिणी छताला लटकल्यासारख्या, पाय वर, डोकी खाली. मी म्हणायचे डावीकडे सरका, त्या सरकायच्या तिसरीकडेच. एकीचं अर्धं डोकं कापलं जायचं, ते नीट करेपर्यंत दुसरी पाणी प्यायला उठलेली असायची. जी फोटोत नसेल ती बाकड्याच्या अगदी लगत उभी राहून बसलेल्यांशी बोलत राहायची. "बाजूला हो गं मावशी," "आई, इकडे बघ, तिच्याकडे नको," असं ओरडून ओरडून माझा घसा बसला. ऊन चढलं. धाकटीचे गुडघे दुखायला लागले. बारा फोटो झाले तेव्हा मी कुणाला चहासुद्धा विचारला नाही.

पुढचा छळ घरी. डबीतून एकदा बाहेर ओढलेली फिल्म या कॅमेऱ्यात परत डबीत गुंडाळता येत नाही. त्याला तशी किल्लीच नाही. ती पूर्ण अंधारात सोडवून घ्यावी लागते. आमच्या घरात दिवसा पूर्ण अंधार फक्त एका ठिकाणी मिळतो, रजईखाली. मे महिना, भर दुपार, अंगावर रजई, आत मी, कॅमेरा आणि फिल्म धुवायचा डबा. घामाने बोटं निसटत होती. बाहेरून नवरा विचारत होता, "आहेस ना जिवंत?" मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग बाथरूममध्ये फिल्म धुतली आणि गॅलरीतल्या दोरीला चिमट्याने लटकवली. बघते तर काय, फोटोंच्या मध्ये रेघच नाही! दोन फोटोंच्या मध्ये जी मोकळी जागा असते ती सुरुवातीला बारीक होती, पुढे नाहीशी झाली होती आणि शेवटी शेवटी तर एका फोटोची कड शेजारच्या फोटोवर चढली होती. मी कॅमेऱ्याचं दार उघडून पाहिलं. पट्टी बारावर. पाठीला कागद नसल्यामुळे आतली गुंडाळी बारीकच राहिली होती. कॅमेरा मात्र ती जाड होतेय असं समजून दर वेळी फिल्म कमी कमी ओढत गेला. चूक कॅमेऱ्याची नव्हती, हे आणखी संतापजनक होतं. मी तिथेच खाली बसले आणि आईला काय सांगायचं याचा विचार करू लागले. धाकटीचं विमान पुढच्याच आठवड्यात होतं.

संध्याकाळी, टाकून द्यायच्या आधी एकदा बघावं म्हणून, फिल्म मोबाइलच्या उजेडावर धरली. शेवटचे दोन फोटो. एकात मोठी मावशी एकटी, बाकड्याच्या उजव्या टोकाला बसलेली. दुसऱ्यात आई आणि धाकटी. मोठी मावशी तेव्हा चौकटीच्या बाहेर उभी होती आणि आई बसल्या जागेवरून तिच्याकडे हात लांबवून काहीतरी सांगत होती. दोन्ही फोटो एकमेकांवर बोटभर चढले होते. त्यामुळे बाकडं एकच झालं होतं, दुप्पट लांब. मागची गच्चीची भिंतही एकसंध. आणि आईचा लांबवलेला हात मोठ्या मावशीच्या खांद्यावर पडला होता. जिथे जोड होता तिथे एक फिकट पट्टा होता, बाकी काही नाही. एका बाकड्यावर तीन बहिणी बसलेल्या, मध्ये आई. चौथं कुणी नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी मेन रोडला जाऊन त्याचा प्रिंट काढून आणला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, दोन फोटो मिक्स झालेत, कट करून वेगळे देऊ का?" मी म्हटलं, कात्रीला हात लावलास तर बघ.

आईने प्रिंट हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. नंतर म्हणाली, "आक्काला दाखवायचा नाही हं." ते मलाही पटलं. म्हातारीला उगीच घोर नको. पण आईच्या पोटात काही राहत असतं तर ती आई कसली? धाकटीला निरोप द्यायला मोठी मावशी पुन्हा नाशकात आली, त्या सकाळी चहाचे कप खाली ठेवायच्या आत आईने उशीखालचा फोटो काढून तिच्यासमोर धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात थिजले.

मावशीने चष्मा लावला. फोटो लांब धरला, जवळ धरला. आता आरडाओरडा होणार म्हणून मी घाईघाईने सांगायला लागले, की हे दोन वेगळे फोटो आहेत, तुम्ही तिघी एकत्र बसलाच नव्हता, चूक माझी आहे, पट्टी सरकवायची राहिली. तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिचं बोट आईवर टेकलं होतं.

"हिला मधी का बसवलं?"

"मी नाही बसवलं गं मावशी. ते तसं आलं."

"मधल्याचं वाईट होतंय," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मग तिने सांगितलं. लग्नानंतरच्या वर्षी नांदगावला जत्रेत पडद्यासमोर फोटो काढला होता. ती, तिचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि काकांचा धाकटा भाऊ. काका मध्ये बसले होते. फोटो घरी आला त्याच पावसाळ्यात काका ट्रॅक्टरखाली गेले. धाकटा दीर अजून आहे, ती आहे. मधला गेला. काका कसे गेले ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या फोटोचं तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. आम्ही सगळे तिला चौथ्या माणसावरून हसत आलो होतो. मीही हसले होते, आणि त्या रविवारी तर मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले होते. मला ओशाळल्यासारखं झालं.

 धाकटी मावशी डोळे पुसत होती. मग मोठ्या मावशीने फोटो उपडा करून बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "तुझा तो डबा हाय का हितं?"

होता. कुरियरवाला एकदाचा द्वारकेतून सुटला होता आणि त्यात खरा वन-ट्वेंटीचा रोल भरलेला होता, पाठीला कागद असलेला, पट्टी बारावर.

"चल वर," ती म्हणाली. "काढ तिघींचा. मी मधी बसती."

"तू नको, आक्का," आई म्हणाली. "मी बसते. माझा निघालाच आहे ना तसा एक."

"मी बसते," धाकटी म्हणाली. "मी तर जाणारच आहे."

आणि तिघी भांडायला लागल्या. खाली गाडी उभी, धाकटीचा मुलगा घड्याळ दाखवत हाका मारतोय, आणि या तीन म्हाताऱ्या बाकड्यावर मधल्या जागेसाठी एकमेकींना कोपराने ढकलतायत. या वेळी कॅमेरा सरळ होता, चौकोनी काचेत तिघी सुलट्या आणि पूर्ण मावत होत्या, पण स्थिर म्हणून बसत नव्हत्या. मी ओरडले, "अहो, कुणीतरी बसा!"

मोठ्या मावशीने एका हाताने आईला धरून सरकवलं, दुसऱ्या हाताने धाकटीला सरकवलं आणि मध्ये बसली. "मी मोठी हाय," एवढंच म्हणाली. मग दोघींचे हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले, उठू नयेत म्हणून, आणि भिंगाकडे अशी रोखून बघायला लागली की जे काय यायचं असेल ते आधी तिच्याकडे यावं.